प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनाचा इतिहास आणि पाण्याचा प्रश्न : गोरेगावच्या ज्वारीच्या निमित्ताने

१

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात गोरेगाव हे गाव आहे. मराठवाड्यातील इतर असंख्य गावांप्रमाणे येथील शेतीही मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांच्या पावसावर अवलंबून असते. या प्रदेशातील पिकांत रब्बी ज्वारीचे पीक एका दृष्टीने विशेष विचारार्ह होय. पाऊस सरत आला असता, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, ती काळ्या जमिनीत तिफणीने पेरली जाते; आणि त्यानंतर आकाशातून फारसे काही न मिळता, जमिनीत मुरलेल्या ओलीवरच वाढून माघ-फाल्गुनात कापणीस येते. तिचा दाणा माणसांच्या पोटास आणि कडबा जनावरांच्या दावणीस पुरतो. एवढे द्रव्य त्या रोपाने कोठून आणले आणि इतक्या थोड्या पाण्यात ते कसे तयार केले, हे दोन प्रश्न वरवर पाहता एकच वाटतात. विज्ञानाच्या इतिहासात मात्र त्यांची उत्तरे निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या ठिकाणी आणि निरनिराळ्या प्रकारच्या अभ्यासकांकडून मिळाली आहेत.

वनस्पती आपले अन्न ज्या क्रियेने तयार करतात तिला मराठीत दोन नावे आहेत : कर्बग्रहण आणि प्रकाशसंश्लेषण. पहिल्या नावात हवेतून घेतल्या जाणाऱ्या कर्बाचा निर्देश आहे, दुसऱ्यात सूर्यप्रकाशाचा. पाण्याचा निर्देश दोहोंतही नाही. हा केवळ शब्दयोजनेचा योगायोग नव्हे. या क्रियेचे संशोधन प्रथम ज्या देशांत झाले, तेथे वर्षभर पाऊस पडतो आणि ढगाळ आकाशामुळे प्रकाशाचीच वाण असते. पाणी हा तेथे गृहीत धरण्याचा विषय होता. ज्या प्रदेशात प्रकाश विपुल आणि पाणी दुर्मिळ, त्या प्रदेशाचा प्रश्न संशोधनात उशिरा आला. तो कसा आला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

२

झाड माती खाऊन वाढते, ही समजूत अतिशय प्राचीन आहे. तिला पहिला धक्का बसला तो गंमत अशी की पाण्याच्या बाजूने. व्हान हेल्माँट या फ्लेमिश वैद्याने दोनशे पौंड वाळलेली माती एका मोठ्या भांड्यात भरून तीत पाच पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाड १६९ पौंडांहून थोडे अधिक भरले. माती मात्र अवघी दोन औंस घटली होती. यावरून सर्व लाकूड, साल व मुळे केवळ पाण्यापासून झाली, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, हा प्रयोग प्रसिद्ध झाला. निष्कर्ष चुकीचा होता, कारण हवेचा विचार त्यात नव्हता. परंतु मातीकडे बोट दाखवून थांबणे त्यानंतर अशक्य झाले.

हवेचा विचार अठराव्या शतकात झाला. स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने १७२७ साली वनस्पतीतून उडून जाणाऱ्या पाण्याची मोजमापे प्रसिद्ध केली आणि वनस्पतीला काही पोषण हवेतून मिळत असावे, असा तर्क मांडला. १७७१ साली जोसेफ प्रीस्टली याला असे आढळले की मेणबत्ती जळून जी हवा 'बिघडली', ती पुदिन्याच्या डहाळीने पुन्हा सुधारते. १७७९ साली यान इंगेनहाउस याने दाखविले की हे कार्य केवळ वनस्पतीचे हिरवे भाग करतात आणि तेही केवळ उजेडात. पुढे झां सनबिए याने कर्बवायूची आवश्यकता सिद्ध केली. आणि १८०४ साली निकोला द सोस्यूर याने काटेकोर वजने घेऊन असे दाखविले की वनस्पतीच्या वजनात पडणारी भर केवळ कर्बाची नसून तीत पाण्याचाही भाग असतो. १८४५ साली यूलिउस मायर याने सूर्यप्रकाशाची ऊर्जा वनस्पतीत रासायनिक रूपाने साठते, हा विचार मांडला. आणि १८६० नंतरच्या काही वर्षांत यूलिउस झाक्स याने उजेडात राहिलेल्या पानात स्टार्च तयार होतो हे प्रयोगाने दाखविले.

अशा रीतीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत समीकरण पूर्ण झाले होते : कर्बवायू आणि पाणी यांपासून, हरितद्रव्याच्या साहाय्याने व प्रकाशाच्या ऊर्जेने, शर्करा तयार होते आणि प्राणवायू बाहेर पडतो. हा प्राणवायू कर्बवायूतून येत नसून पाण्यातून येतो, ही गोष्ट मात्र १९३० नंतरच्या दशकात व्हान नील व रॉबिन हिल यांच्या अभ्यासातून आणि १९४१ साली रूबेन, केमेन व त्यांचे सहकारी यांनी जड प्राणवायूचा उपयोग करून केलेल्या प्रयोगांतून स्पष्ट झाली.

समीकरणात पाण्याला स्थान मिळाले, तरी त्याचे शेतातील महत्त्व त्यातून कळत नव्हते. कारण वनस्पती जे पाणी शोषते त्याचा अत्यंत अल्प अंश, शंभरातील एका भागाहूनही कमी, या रासायनिक क्रियेत खर्ची पडतो. उरलेले जवळजवळ सर्व पाणी पानांतून वाफेच्या रूपाने निघून जाते. समीकरण लिहिणाऱ्याच्या दृष्टीने हे पाणी हिशेबाबाहेरचे; कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने तेच सर्व काही.

३

१९०५ साली केंब्रिज येथील एफ. एफ. ब्लॅकमन यांनी 'मर्यादक घटकां'चा सिद्धांत मांडला. एखादी क्रिया अनेक घटकांवर अवलंबून असेल, तर तिचा वेग त्या घटकांपैकी जो सर्वांत अपुरा असेल त्याने ठरतो, असे त्याचे सार होय. प्रकाश, कर्बवायू आणि तापमान या तीन घटकांवर यानंतरच्या संशोधनाचा भर राहिला. पाणी हाही असाच एक घटक आहे काय, असा प्रश्न १९२४ साली 'अ‍ॅनल्स ऑफ बॉटनी' या इंग्रजी नियतकालिकात आर. एच. दस्तूर यांनी उपस्थित केला. लगेच १९२५ साली त्यांचा त्याच विषयावरील दुसरा लेख प्रसिद्ध झाला. पानाचे वय वाढते तसा त्याच्या अन्ननिर्मितीचा वेग मंदावतो. या मंदावण्याचा संबंध पानातील पाण्याच्या घटत्या प्रमाणाशी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दस्तूर यांचे पुढील संशोधन मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या संस्थेत झाले. ही संस्था मुंबईतील दानशूर घराण्यांच्या देणग्यांतून उभी राहिली असून तेथील अध्यापनास १९२० साली प्रारंभ झाला. वनस्पतिशास्त्राच्या विभागात दस्तूर व त्यांचे विद्यार्थी यांनी प्रकाशसंश्लेषणावर जी लेखमाला सिद्ध केली, तीत उष्ण कटिबंधातील वनस्पतींच्या हरितद्रव्याचे मापन, कृत्रिम व नैसर्गिक प्रकाशात तयार होणाऱ्या पदार्थांची तुलना, आणि निळ्या-जांभळ्या किरणांचा परिणाम असे विषय हाताळलेले दिसतात. १९३३ साली दस्तूर व बी. एल. देसाई यांनी काही उष्ण कटिबंधीय वनस्पती घेऊन निरनिराळ्या तापमानांत पानातील पाणी, हरितद्रव्य आणि प्रकाशसंश्लेषणाचा वेग यांचा परस्परसंबंध तपासला. त्याच वर्षी के. एम. सामंत यांच्यासह त्यांचा दुसरा लेख प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात या विषयाचे पद्धतशीर प्रायोगिक संशोधन येथे झाले, ही गोष्ट विसरता कामा नये.

पाण्याचा परिणाम प्रत्यक्ष होतो की अप्रत्यक्ष, याविषयी पुढे मतभेद झाले. पान कोमेजू लागले की त्यावरील सूक्ष्म त्वग्रंध्रे मिटतात आणि कर्बवायूचा प्रवेश थांबतो. त्यामुळे पाण्याचा तुटवडा हा मुख्यतः कर्बवायूच्या तुटवड्याच्या रूपाने जाणवतो, असे नंतरच्या संशोधनाने दाखविले. दस्तूर यांच्या स्पष्टीकरणात या दृष्टीने भर घालावी लागली. तथापि त्यांचा मूळ प्रश्न अचूक होता. तो त्यांना मुंबईत सुचला की अन्यत्र हे गौण आहे. उष्ण प्रदेशाच्या शेतीचा तो पहिला प्रश्न होता, हे महत्त्वाचे. पुढे इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीच्या योजनेखाली पंजाबातील अमेरिकन कापसाच्या 'तिरक' या विकाराचा अभ्यास करताना दस्तूर यांनी बोंडे नीट न उमलण्याचा संबंध जमिनीच्या खालच्या थरांतील क्षार आणि हलक्या जमिनीतील नत्राची उणीव यांच्याशी जोडून दाखविला. पानात काय घडते याचा शोध घेणारा अभ्यासक अखेर शेतातील पिकाकडे वळला, ही या चरित्रातील अर्थपूर्ण घटना होय.

दस्तूर यांचा पहिला लेख आला त्याच १९२४ साली जगदीशचंद्र बसू यांचा प्रकाशसंश्लेषणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हायड्रिला या पाणवनस्पतीवर केलेल्या प्रयोगांत त्यांना ऋतुमानाप्रमाणे कर्बग्रहणाची रीत पालटत असल्याचे आणि त्यात मॅलिक आम्लाचा संबंध असल्याचे आढळले होते. त्या काळी या निरीक्षणाची उपपत्ती लागली नाही. ती लागण्यास अर्धशतक जावे लागले.

४

प्रयोगशाळेत हा विचार चालू असताना शेतांवर एक वेगळेच मोजमाप सुरू होते. एक भाग शुष्क द्रव्य तयार करण्यासाठी पीक किती भाग पाणी बाहेर टाकते, हे वजनाने ठरविण्याचे ते काम होते. भारतात पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत जे. डब्ल्यू. लेदर यांनी १९१० च्या सुमारास हे प्रयोग केले. अमेरिकेत कोलोरॅडोच्या कोरड्या पठारावर ब्रिग्ज व शँट्झ यांनी कुंड्यांत पिके वाढवून, कुंड्या वारंवार तोलून, १९१४ पर्यंत जे आकडे सिद्ध केले ते पुढे सर्वत्र प्रमाण मानले गेले. त्यांच्या मापनानुसार एक भाग शुष्क द्रव्यासाठी ज्वारीला ३२२ भाग, मक्याला ३६८ भाग, गव्हाला ५१३ भाग, कापसाला ६४६ भाग आणि लसूणघासाला ८३१ भाग पाणी लागले. हे आकडे हवामानाप्रमाणे बदलतात. पण त्यांचा परस्परक्रम सहसा बदलत नाही. कापूस जेवढ्या पाण्यात एक शेर द्रव्य तयार करतो, तेवढ्यात ज्वारी सुमारे दोन शेर तयार करते, हे त्यावरून उघड झाले.

ही गोष्ट दख्खनच्या शेतकऱ्याला आकड्यांनी नव्हे, पण अनुभवाने ठाऊक होती. मुंबई इलाख्याच्या कृषिखात्यात एन. व्ही. कानिटकर यांच्या देखरेखीखाली १९३० नंतर सोलापूर व विजापूर येथे कोरडवाहू शेतीचे जे प्रयोग झाले, त्यांचे पीकही ज्वारीच होते. बांध घालून पाणी मुरविणे, पेरा विरळ ठेवणे, दोन ओळींत सुमारे दीड फूट अंतर राखणे आणि वारंवार कोळपणी करून भेगा बुजविणे, ही त्या पद्धतीची मुख्य अंगे होत. त्या सर्वांचा हेतू एकच : जमिनीतील ओल उन्हाने न उडता पिकाच्या मुळांतून पानापर्यंत जावी. गोरेगाव त्या काळी हैदराबाद संस्थानाच्या परभणी जिल्ह्यात असल्याने या इलाख्याबाहेर होते. तथापि जमीन, पीक आणि अडचण ही तिन्ही एकाच जातीची होती.

परंतु ज्वारीलाच हे काटकसरीचे वरदान का, याचे उत्तर कोणापाशीही नव्हते. मुळे खोल जातात, पानावर मेणासारखा थर असतो, ताण पडताच पान गुंडाळले जाते, ही कारणे खरी होती; परंतु तेवढ्याने दुपटीचा फरक उलगडत नव्हता. मक्याचे आकडे ज्वारीसारखे आणि गव्हाचे वेगळे का, दोन्ही तृणकुळातीलच असताना, हे कोडे तसेच राहिले.

५

या कोड्याचा एक तुकडा फार पूर्वीच सापडलेला होता. गॉटलीप हाबरलांट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८८४ साली वनस्पतींच्या अंतर्रचनेवरील आपल्या ग्रंथात काही तृणांच्या पानाचे वर्णन केले होते. अशा पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, हिरव्या पेशींचे एक कडे दिसते आणि त्याभोवती दुसऱ्या पेशींचे कडे. या रचनेला हाबरलांटने जर्मन भाषेतील 'क्रान्झ', म्हणजे फुलांचे कडे किंवा माळ, हे नाव दिले. या दोन प्रकारच्या पेशींत काही श्रमविभाग असावा, असा तर्कही त्याने केला; पण तो सिद्ध करण्याचे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते.

ते साधन १९४० साली किरणोत्सारी कर्बाच्या शोधाने मिळाले. त्याच्या आधारे कॅलिफोर्नियात मेल्विन कॅल्व्हिन, अँड्र्यू बेन्सन, जेम्स बॅशम व त्यांचे सहकारी यांनी कर्बवायूचा पानातील प्रवास पायरीपायरीने शोधून काढला. कर्बवायू पकडल्यावर प्रथम तीन कर्बाणूंचे आम्ल तयार होते, असे त्यांना आढळले. या कार्याबद्दल कॅल्व्हिन यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि प्रकाशसंश्लेषणाचा मार्ग सर्व वनस्पतींत हाच, अशी समजूत रूढ झाली. मात्र कॅल्व्हिन यांचे प्रयोग प्रामुख्याने शैवलांवर झालेले होते.

हवाईमधील ऊस बागाईतदारांच्या प्रयोगकेंद्रात ह्यूगो कॉर्टशॅक व त्यांचे सहकारी यांना उसाच्या पानात काही वेगळेच दिसत होते. तेथे पहिला पदार्थ तीन कर्बाणूंचा नसून चार कर्बाणूंचा होता : मॅलिक व अ‍ॅस्पार्टिक आम्ल. रशियात कार्पिलोव्ह यांना मक्यात हेच आढळले आणि ते १९६० साली प्रसिद्धही झाले. परंतु त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. कॉर्टशॅक यांचा सविस्तर लेख १९६५ साली आला. तो वाचून ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे हॅल हॅच व रॉजर स्लॅक यांनी काम हाती घेतले आणि १९६६ पासूनच्या लेखांतून या 'चतुष्कर्बी' मार्गाची उपपत्ती लावली. मका व ज्वारी या त्याच वर्गातील ठरल्या. गहू, कापूस, तूर आणि सोयाबीन जुन्या, त्रिकर्बी वर्गात राहिले.

या उपपत्तीने आधीचे सर्व तुकडे जुळून आले. पानाच्या बाहेरील पेशींत एक एंझाइम कर्बवायूला अत्यंत आतुरतेने पकडते व त्याचे चतुष्कर्बी आम्ल बनविते. हे आम्ल शिरेभोवतीच्या आतील कड्यात जाते. तेथे त्यातून कर्बवायू पुन्हा मोकळा होऊन त्याची घनता कित्येक पटींनी वाढते, आणि मग कॅल्व्हिन यांनी वर्णिलेली क्रिया त्या बंदिस्त जागेत घडते. शर्करा बनविणारे रुबिस्को हे मूळ एंझाइम काहीसे चुकार आहे. कर्बवायूऐवजी ते प्राणवायूलाही पकडते आणि तयार झालेल्या कर्बाचा काही भाग त्यामुळे वाया जातो. १९७१ साली सिद्ध झालेला हा दोष उष्णतेत वाढत जातो. ज्वारीच्या पानातील आतील कड्यात कर्बवायूच इतका दाट असतो की या चुकीला वाव राहत नाही.

पाण्याच्या काटकसरीचे मर्मही येथेच आहे. पानाचे त्वग्रंध्र हे एकच दार आहे : कर्बवायू आत येतो तो त्यातून, आणि पाण्याची वाफ बाहेर जाते तीही त्यातूनच. हवेत कर्बवायू दहा हजारांत सुमारे चार भाग एवढाच. त्यामुळे तो पुरेसा मिळविण्यासाठी कापसाला किंवा सोयाबीनला हे दार अधिक उघडे ठेवावे लागते. ज्वारीचे पकडणारे एंझाइम तीक्ष्ण असल्यामुळे दार अर्धवट मिटलेले असतानाही तिचे काम चालते. या व्यवस्थेसाठी ऊर्जा अधिक खर्चावी लागते. परंतु ऊर्जा म्हणजे सूर्यप्रकाश, आणि मराठवाड्याच्या आकाशाखाली त्याचा तुटवडा नाही. जे विपुल आहे ते खर्चून जे दुर्मिळ आहे ते वाचविणे, असा हा व्यवहार होय. हाबरलांटच्या छेदातील माळ, शँट्झच्या तराजूतील आकडा आणि कॉर्टशॅकच्या उसातील आम्ल हे एकाच वस्तुस्थितीचे तीन भाग होते. त्यांना एकत्र येण्यास ऐंशी वर्षांहून अधिक काळ लागला. बसू यांनी पाहिलेल्या हायड्रिलातही, शिरेभोवतीच्या कड्यांविनाच, अशीच एक रीत असल्याचे १९७० नंतर उघड झाले.

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा कोल्हापुरातही वाढली. जी. व्ही. जोशी यांनी सॉल्टमन व इतरांसमवेत मिठाचा कर्बग्रहणावर होणारा परिणाम अभ्यासून १९६२ साली त्याविषयीचा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात पुढे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी क्षारयुक्त भूमीत वाढणाऱ्या वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर संशोधन केले. खारे पाणी म्हणजे समोर असूनही घेता न येणारे पाणी. म्हणून हाही दस्तूर यांच्या प्रश्नाचाच विस्तार मानता येतो.

६

या ज्ञानाचा गोरेगावच्या शेताशी संबंध काय, हा प्रश्न उरतो. भारतातील पहिली संकरित ज्वारी १९६४ साली प्रसृत झाली आणि १८ मे १९७२ रोजी परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रावर भीषण दुष्काळ कोसळला. पानाची काटकसर कितीही असली, तरी जमिनीत मुळात ओलच नसेल तर वाचवावयाचे काय? ज्वारी पिकविणाऱ्या मुलुखाला त्या वर्षी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोवर दिवस काढावे लागले. चतुष्कर्बी मार्ग हा दुष्काळावरील रामबाण उपाय नव्हे. थोड्या पाण्यात अधिक द्रव्य, एवढेच त्याचे आश्वासन आहे.

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत या भागातील खरीप ज्वारीची जागा सोयाबीनने घेण्यास सुरुवात केली होती. जेथे विहिरीचे पाणी आहे तेथे हळद आली. ही दोन्ही पिके त्रिकर्बी वर्गातील आहेत. शेतकऱ्याचा हा निर्णय अज्ञानाचा म्हणता येत नाही. बाजारात भाव पाण्याच्या थेंबाला मिळत नाही, मालाला मिळतो. परंतु ज्वारीबरोबर कडबाही गेला आणि जनावरांच्या वैरणीचा प्रश्न उभा राहिला, हा त्या हिशेबातील न मांडलेला खर्च होय. पिकांच्या निवडीत पाण्याचे मोल धरले जात नाही, तोवर हा हिशेब अपुराच राहील.

संशोधनाची दिशा मात्र पुन्हा जुन्या प्रश्नाकडे वळलेली दिसते. दाणा भरण्याच्या वेळी ओल संपली की ज्वारीची पाने खालून वाळू लागतात. काही वाणांत ती अधिक काळ हिरवी राहतात आणि अखेरपर्यंत दाण्याला अन्न पुरवितात. हा गुण ओळखून तो नव्या वाणांत आणण्याचे प्रयत्न हैदराबादजवळील पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संस्थेत व इतरत्र झाले आहेत. पान म्हातारे होते तेव्हा त्यातील पाण्याचे आणि त्याच्या अन्ननिर्मितीचे नाते काय, हेच १९२४ साली दस्तूर यांनी विचारले होते. शंभर वर्षांनंतर तो प्रश्न प्रयोगशाळेतील पानावरून शेतातील कणसापर्यंत येऊन पोहोचला आहे. मोहोळची मालदांडी किंवा परभणीची मोती पेरणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याचे स्वरूप साधे आहे : शेवटचा पाऊस होऊन गेल्यावर ज्वारीचे पान किती दिवस हिरवे राहील?